प्लेटलेट अ‍ॅजिटेटर, आठ महिन्यांनंतर: आवाज नाही हीच तक्रार

प्लेटलेट म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी; त्यांच्या पिशव्या सतत हलवत ठेवणाऱ्या या यंत्राला पहिल्या महिन्यात मी पाचपैकी पाच तारे दिले होते आणि खाली कौतुकानं लिहिलं होतं, "आवाज अजिबात नाही." ते वाक्य आज मागे घेतेय.

रक्तपेढीतला आमचा जुना अ‍ॅजिटेटर खडखड करायचा. त्याच्या शेजारी बसून क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटशी जुळतं का याची चाचणी, लावताना डोकं उठायचं. हा नवा आला आणि खोली एकदम शांत झाली. ट्रे मिनिटाला साठ वेळा मागेपुढे सरकतोय हे काचेतून बघितल्याशिवाय कळायचं नाही. आम्ही खूश.

सहाव्या महिन्यात रात्रपाळीला होते. पहाटे तीनला ल्युकेमियाच्या पेशंटसाठी मागणी आली. दार उघडून पिशवीला हात घातला आणि ती सहज हातात आली. इथेच खटकलं. या मॉडेलमध्ये दार उघडल्यावर ट्रे थांबत नाही, त्यामुळे पिशवी काढताना मनगट त्याच्या तालावर थोडं न्यावं लागतं. त्या रात्री न्यावं लागलं नाही. ट्रे जागच्या जागी उभा होता. डिस्प्लेवर २२.१ अंश, बाजूला हिरवा दिवा, खाली "रनिंग". मोटर फिरत होती, बेल्ट निसटला होता. अलार्म नाही, काही नाही. जुना खटारा असता तर खडखड थांबताक्षणी बाहेरच्या व्हरांड्यातला शिपाईमामासुद्धा उठून बघायला आला असता.

आता प्लेटलेट का हलवायच्या हे इथे येणाऱ्यांना सांगायला नको. पण "थोडा वेळ थांबलं तर काय होतंय" असं म्हणणारे आमच्यातही आहेत, म्हणून लिहिते. पिशवीतली प्लेटलेट जिवंत असते, तिला ऑक्सिजन लागतो. तो पिशवीच्या प्लास्टिकमधूनच आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. हलणं बंद झालं की पेशी तळाशी बसतात, खालच्यांची घुसमट होते, त्या लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात. प्लाझ्मातलं, म्हणजे रक्ताच्या पातळ द्रवातलं, बायकार्बोनेट काही काळ ते झेलतं. ते संपलं की पीएच घसरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि ६.२ च्या खाली गेला की चकतीसारख्या पेशी गोल होऊन बसतात. मग पेशंटला चढवून उपयोग काय? मोजणीत दिसतील, रक्त थांबवायला नसतील.

त्या रात्री अकरा पिशव्या होत्या. एकेक ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच दाबली. चकत्या शाबूत असतील तर उजेडात रेशमी कापड फिरवल्यासारखी झळाळी सरकते, गोल झाल्या असतील तर नुसता गढूळपणा दिसतो. नऊ पिशव्यांत झळाळी होती, दोन मंद. संध्याकाळी सहाला शेवटची पिशवी दिली तेव्हा ट्रे हलत असल्याची लॉगबुकात सही आहे, म्हणजे खंड फार तर नऊ तासांचा. एखाद वेळचा चोवीस तासांपर्यंतचा खंड प्लेटलेट बऱ्यापैकी सोसतात, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मंद पिशव्या बाद केल्या. खरं सांगायचं तर त्या दोन्ही पाचव्या, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवसाच्या होत्या आणि सकाळी तपासला तर पीएच दोन्हींचा ६.४ च्या वरच निघाला. म्हणजे यंत्रावर ठपका ठेवायला माझ्याकडे पुरावा नाही. राग आहे.

आणि तो सर्व्हिसवाल्यांनी वाढवला. पहिलं उत्तर: "मॅडम, डिस्प्ले तर रनिंग दाखवतोय." दुसरं: बेल्ट झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही. तीन दिवसांनी इंजिनिअर आला तेव्हा कळलं की सेन्सर मोटरच्या दांड्यावर आहे, ट्रेवर नाही. ट्रेचा सेन्सर वेगळा विकत मिळतो. ज्या यंत्राचं नावच हलवणारा, त्यात हलतंय का हे बघणं ऐच्छिक! मी घेणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि थोडा चिकटपणाचाही.

इथपर्यंत लिहून एक तारा देणार होते. पण तापमानाचा आलेख काढून बघितला आणि हात थांबला. आठ महिन्यांत वरच्या कप्प्यापासून खालच्यापर्यंत कुठेही २१.६ ते २२.५ च्या बाहेर गेलेला नाही, वीज गेली तेव्हाही नाही. ही लहान गोष्ट नाही. चार अंशांवर ठेवलेली प्लेटलेट रक्तात फार काळ टिकत नाही, हे मर्फी आणि गार्डनर या संशोधकांनी १९६९ साली दाखवलं, तेव्हापासून आपण २० ते २४ अंश धरून बसलोय. गंमत म्हणजे थंड प्लेटलेट गुठळी धरायला जास्त तयार असते, फक्त यकृत तिला लवकर बाजूला काढतं. वाहतं रक्त आत्ता थांबवायचं असेल तर तेवढं पुरतं, म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषध नियामक संस्था) २०२३ साली ठरावीक परिस्थितीत १ ते ६ अंशांवर चौदा दिवस ठेवायला मुभा दिली. त्या प्लेटलेटला हलवावंही लागत नाही. बेल्ट निसटला त्या आठवड्यात मला हे फारच आवडलं होतं.

उपाय शेवटी डीप फ्रीझरनं सुचवला. प्लाझ्माच्या पिशवीला गोठवताना आम्ही रबरबँड लावतो आणि गोठल्यावर काढतो. खाच राहते. मधे कधी पिशवी वितळून पुन्हा गोठली तर खाच बुजते, मग डिस्प्ले काही का म्हणेना. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी फायब्रिनोजेन तसा दणकट असतो, पण फॅक्टर पाच आणि आठ अशा वेळी आधी उतरतात, आणि पिशवीकडे नुसतं बघून ते ओळखू येत नाही. खाच दिसते.

तसंच इथे केलं. लेबल काढल्यावर उरणाऱ्या चकचकीत कागदाची वीतभर पट्टी ट्रेच्या कडेला चिकटवली. टेबलावरून मान वर केली की काचेतून लवलवताना दिसते. फुकट.

सध्या तीन तारे. तापमानाला पाच, सर्व्हिसला शून्य, बाकीचं पट्टीच्या नावावर. गेल्या आठवड्यात इंजिनिअर देखभालीला आला, "बाहेरची वस्तू आत नको" म्हणून त्यानं ती काढली आणि रिपोर्टवर माझी सही घेतली. तो लिफ्टपर्यंत पोचला असेल नसेल, मामांनी नवी पट्टी कापून आणली.