तिसऱ्या बॅटरीने पाणी फिरवलं: ड्रोन आणि त्याचे अपडेट, अकरा महिन्यांनंतर

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला टेकडीवर पोचलो होतो. खाली दरीत धुकं साचलेलं, वारा जवळजवळ नाहीच, आणि बॅगेत तीन भरलेल्या बॅटऱ्या. पहिल्या बॅटरीवर जागा हेरून घेतली, दुसरीवर दोन-तीन फेऱ्या मारून कोन ठरवला. तिसरी मुद्दाम राखून ठेवली होती, कारण सूर्य डोंगरामागून वर येतो ती दहा मिनिटंच मला हवी होती. तिसरी लावली, बटण दाबलं, चारही दिवे लागले आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली: बॅटरीचं फर्मवेअर (यंत्राच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर) जुळत नाही, अपडेट केल्याशिवाय उड्डाण करता येणार नाही.

टेक-ऑफचं बटण करडं पडलेलं. मोबाइलला नेटवर्कची एकच काडी, तीही येऊनजाऊन. हॉटस्पॉट लावून बघितला, डाउनलोड चार टक्क्यांवर अडकला तो हललाच नाही. आधीच्या दोन बॅटऱ्यांत वीस टक्केही चार्ज उरला नव्हता. सूर्य वर आला, धुकं पातळ झालं, आणि मी भरलेली बॅटरी हातात धरून उभा होतो. राग शांत व्हायला दोन दिवस गेले. म्हणून आज बसून सगळं लिहितोय.

कॅमेरा कसा आहे, किती मिनिटं उडतो, वाऱ्यात किती टिकतो हे सगळीकडे लिहिलेलं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. त्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही. हा अनुभव फक्त अपडेटचा आहे, कारण अकरा महिन्यांत मला सगळ्यात जास्त छळलं ते त्यानेच.

आधी ती तिसरी बॅटरी. गुरुवारी रात्री मी अपडेट केला होता, तेव्हा ड्रोनमध्ये दोन नंबरची बॅटरी होती. शुक्रवारी एक नंबरची लावून अंगणात दोन मिनिटं उडवून बघितलं, तेव्हा तिचाही अपडेट झाला. तीन नंबरची बॅगेतच होती. शनिवारी तिन्ही हबमध्ये, म्हणजे सगळ्या बॅटऱ्या एकत्र चार्ज करायच्या खोक्यात, लावून भरल्या. हब चार्ज करतो, अपडेट करत नाही. या ड्रोनच्या प्रत्येक बॅटरीत स्वतःची छोटी चिप आहे, ती सेलचा व्होल्टेज, तापमान, किती वेळा चार्ज झाली हे सगळं सांभाळते, आणि त्या चिपलाही फर्मवेअर लागतं. ते मिळतं फक्त बॅटरी ड्रोनमध्ये बसवल्यावर. म्हणजे ड्रोनचा अपडेट एकदा, रिमोटचा एकदा, आणि मग जितक्या बॅटऱ्या तितक्या वेळा पुन्हा. हे मला मान्य आहे. मान्य नाही ते एवढंच, की ‘तुमची तिसरी बॅटरी जुनी राहिली आहे’ हे ॲप कुठेच सांगत नाही. त्याला तिन्ही बॅटऱ्यांचे सिरियल नंबर माहीत आहेत, कोणती किती वेळा चार्ज झाली तेही दाखवतं. गुरुवारी रात्री अपडेट पूर्ण झाल्यावर एक ओळ दाखवायला काय हरकत होती? जी बॅटरी लावलेली नाही तिची आठवण करून द्यायची. बस्स, एवढंच. या एका ओळीसाठी मी कंपनीला तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ एवढंच उत्तर आलं.

आता मागे जातो, कारण अपडेटबद्दलचं माझं मत या काळात तीनदा फिरलं आहे.

सुरुवातीच्या तीन महिन्यांत सूचना आली की लगेच करायचो. नवी वस्तू, हौस होती. चौथ्या महिन्यात एक अपडेट आला, सोबतच्या टिपेत नेहमीचं वाक्य: काही किरकोळ दोष दुरुस्त केले. केला. पुढच्या उड्डाणात ड्रोन झाडांच्या रांगेमागे गेला, सिग्नल तुटला, आणि तो आपोआप घरी परत यायला लागला. परतीची उंची मी ऐंशी मीटर ठेवलेली होती, कारण आमच्या उडवायच्या जागेजवळ उंच झाडं आहेत आणि पलीकडे विजेच्या तारा. अपडेटनंतर माझ्या ड्रोनवर ती मूळ आकड्यावर गेली होती, ऐंशीच्या निम्म्याहूनही खाली. ड्रोन सरळ झाडाच्या शेंड्याकडे आला. पुढच्या सेन्सरने ओळखलं म्हणून तीन-चार मीटरवर थांबून तरंगत राहिला. सिग्नल परत आल्यावर हाताने वर उचलला. माझे हात अर्धा तास थरथरत होते.

त्या दिवशी ठरवलं, आता अपडेट नाही. जे चाललंय ते चालू दे. भावानेही तेच सांगितलं, त्याच्याकडे याच जातीचा ड्रोन आहे आणि तो वर्षभर जुन्यावरच उडवतो.

चार महिने चाललं. मग एका रात्री फोनची सिस्टिम अपडेट झाली, आणि सकाळी ड्रोनचं ॲप रिमोट जोडला की बंद पडायला लागलं. उघडलं की बंद. या कंपनीचं ॲप अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर नाही, त्यांच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून स्वतः बसवावं लागतं. त्यामुळे फोन पुढे जात राहतो आणि ॲप जागच्या जागी राहतं. स्टोअरमधली बाकी सगळी ॲप रात्रीतून अद्ययावत होतात, हे एकटंच मागे राहिलंय हे फोन सांगत नाही. नवं ॲप बसवलं, तर त्याने पहिल्याच जोडणीत नवं फर्मवेअर मागितलं. म्हणजे ड्रोन जुना ठेवायचा तर ॲप जुनं ठेवायला हवं, ॲप जुनं ठेवायचं तर फोनही जुना ठेवायला हवा. ज्यांच्याकडे जादा फोन पडून आहे त्यांनी तो फक्त ड्रोनसाठी राखावा, सिस्टिमचे अपडेट बंद करून. माझ्याकडे नाही, आणि केवळ यासाठी मी घेणारही नाही.

मागे जायचा रस्ताही जवळपास बंदच असतो. बहुतेक ग्राहकोपयोगी ड्रोनमध्ये जुनं फर्मवेअर परत टाकता येत नाही, आणि जिथे येतं तिथे संगणकाला जोडून एखाद-दुसरी आवृत्तीच मागे जाता येतं. कारण समजतं, सुरक्षेची दुरुस्ती कोणी उलटी फिरवू नये. पण मग नव्या आवृत्तीत नेमकं काय बदललं ते तरी सांगा ना! ‘किरकोळ दोष’ या दोन शब्दांमागे माझी परतीची उंची लपली होती.

मी अपडेट टाळतच होतो, तोच आठव्या महिन्यात गिम्बल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा मोटारीचा भाग, थरथरायला लागला. क्षितिज एका बाजूला कलायचं, आणि मोटारीवर जादा भार असल्याची सूचना यायची. सेवाकेंद्राला फोन केला.

‘आधी फर्मवेअर अपडेट करा साहेब, मग बघू.’

‘अहो, गिम्बल थरथरतोय. त्याचा आणि फर्मवेअरचा काय संबंध?’

‘तुमचं व्हर्जन जुनं आहे. त्यावर आम्ही तपासणी करत नाही.’

दोन आठवडे हेच चाललं. मी व्हिडिओ पाठवले, उड्डाणाच्या नोंदी पाठवल्या, वॉरंटीचा कागद दाखवला. शेवटी वैतागून अपडेट केला, सपाट टेबलावर ठेवून गिम्बलचं कॅलिब्रेशन केलं (सरळ म्हणजे कुठे ते त्याला पुन्हा ठरवून दिलं), आणि थरथर थांबली. पूर्ण थांबली. आज तीन महिने झाले, एकदाही परत आली नाही. म्हणजे ते बरोबर होते आणि मी चुकलो होतो, हे इथे लिहिणं मला भाग आहे. तक्रार उरते ती एवढीच: पहिल्याच फोनवर ‘या आवृत्तीत गिम्बलची दुरुस्ती आहे’ असं कोणी म्हणालं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते.

त्यानंतर मी जरा वाचायला लागलो. ऑगस्ट २०१७ मध्ये डीजेआय या ड्रोन कंपनीने आपल्या स्पार्क या ड्रोनच्या मालकांना कळवलं होतं की १ सप्टेंबरपर्यंत नवं फर्मवेअर टाकलं नाही तर ड्रोन उडणारच नाही. काही स्पार्क हवेत असतानाच वीज बंद होऊन पडल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि त्या अपडेटमध्ये बॅटरीच्या व्यवस्थापनात दुरुस्ती होती. हे वाचल्यावर त्या लाल पट्टीकडे बघायची माझी दृष्टी बदलली. बॅटरीची चिप काही बोलते आणि ड्रोनला ते नीट कळत नाही, अशा अवस्थेत शंभर मीटरवर असण्यापेक्षा जमिनीवर अडलेलं बरं. अडवणं मान्य. आदल्या रात्री न सांगणं मान्य नाही.

नियमही आता अपडेटमधूनच येतात. अमेरिकेत ड्रोनने उडताना आपली ओळख आणि जागा प्रसारित करायची, हा रिमोट आयडीचा नियम १६ सप्टेंबर २०२३ ला लागू झाला, कारवाईत १६ मार्च २०२४ पर्यंत ढील होती, आणि आधी विकल्या गेलेल्या कित्येक ड्रोनना ती सोय फर्मवेअरमधून मिळाली. उलट दिशेनेही होतं. जानेवारी २०२५ मध्ये डीजेआयने अमेरिकेत स्वतः आखलेली मनाईची क्षेत्रं बदलून तिथल्या विमान वाहतूक यंत्रणेची माहिती दाखवायला सुरुवात केली. आधी जिथे ड्रोन उठतच नसे तिथे आता इशारा येतो आणि जबाबदारी उडवणाऱ्यावर. म्हणून मनाईच्या क्षेत्रांचा नकाशा ॲपमध्ये वेगळा अद्ययावत करावा लागतो हे लक्षात ठेवा. ती फाइल छोटी असते, पण तीही पहाटे टेकडीवरच मागितली जाते.

मी आता कसं करतो ते सांगतो. उडवायचं त्याच्या निदान दोन दिवस आधी, घरच्या वायफायवर. फाइल काहीशे एमबीची असते, मोबाइल डेटावर मी ती कधीच उतरवत नाही. ड्रोनला उडवणारे पंखे काढून ठेवतो. गिम्बलचं कव्हर आठवणीने काढतो, कारण अपडेटच्या मध्ये ड्रोन स्वतःहून बंद-चालू होतो आणि प्रत्येक वेळी गिम्बल जागेवर फिरून बघतो. कव्हर अडकलेलं असेल तर मोटारीला जोर पडतो. ड्रोन थंड ठेवणारा आतला छोटा पंखा मोठ्याने घोंगावायला लागतो, खालची बाजू हाताला चटका बसेल इतकी तापते. हवेत असताना वाराच थंड करतो, टेबलावर तो नसतो. म्हणून खाली कापड-गादी नको, लाकडी टेबल बरं. टक्के नव्वदच्या पुढे जाऊन पाच-सहा मिनिटं थांबतात. तेव्हा काहीही करायचं नाही. केबलला हात लावायचा नाही, फोन आला तर घ्यायचा नाही. मी फोन विमान मोडवर टाकून वायफाय तेवढं चालू ठेवतो.

आणि चार्जचं बघा. अपडेटला बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली लागते. सगळे जण त्यासाठी पूर्ण भरतात, मग त्या आठवडाभर भरलेल्याच पडून राहतात, आणि लिथियम बॅटरीला ते मानवत नाही. माझ्या बॅटऱ्या काही दिवस न वापरल्या की आपोआप साठ टक्क्यांच्या आसपास उतरतात. तेवढ्यात अपडेट आरामात होतो. पहिल्या बॅटरीवर मोठं काम, त्यात दहाएक टक्के जातात, बाकीच्या दोघींना दोन-तीन मिनिटं पुरतात. तिन्हींचं झालं की उडवायच्या आदल्या रात्री एकदाच पूर्ण चार्ज. एकही चार्ज वाया जात नाही. बॅटरी हीच या छंदातली सगळ्यात लवकर झिजणारी आणि महाग गोष्ट आहे, त्यामुळे मला हे महत्त्वाचं वाटतं.

सगळं झाल्यावर सेटिंग एकेक उघडून बघतो. परतीची उंची, सिग्नल तुटल्यावर काय करायचं, अडथळा दिसल्यावर थांबायचं की वळसा घालायचा, काड्यांचा मोड (रिमोटची कोणती काडी काय करते). हे चार आकडे-पर्याय मी कागदावर लिहून रिमोटच्या पिशवीत ठेवले आहेत. मग पंखे लावून मोकळ्या जागेत डोक्याएवढ्या उंचीवर दोन मिनिटं तरंगवतो. तो एका जागी स्थिर राहिला तर पुढे.

ड्रोन घ्यावा का, असं कोणी विचारलं तर हो म्हणेन. अकरा महिन्यांत एकदाही पडला नाही, आणि अपडेटनंतरचं गिम्बल नवं असतानापेक्षाही शांत आहे. पण फोन, ॲप, रिमोट, ड्रोन, बॅटऱ्या या पाचांना एका पावलावर चालवायची तयारी नसेल तर कपाटात पडून राहील.

हे लिहीत असतानाच काल रात्री आणखी एक अपडेट आला. एक आणि दोन नंबरचं झालं. परतीची उंची बघितली, या वेळी ऐंशीच राहिली होती. टिपेत मात्र पुन्हा तेच वाक्य, किरकोळ दोष. प्रत्येक बॅटरीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाने आवृत्तीचे शेवटचे आकडे लिहायला सुरुवात केली आहे. तीन नंबरच्या पट्टीवर अजून जुनाच आकडा आहे. आता उठून तीच लावतो.