कार्बनचं बॉनेट की मूळ पत्रा? आधी वजनकाटा काढा

भाच्याकडे २०१८ ची स्विफ्ट आहे. परवा त्याचा फोन आला, "मामा, कार्बन फायबरचं बॉनेट, पुढच्या चाकांवरचे दोन्ही फेंडर आणि डिकीचं दार टाकायचं म्हणतोय. गाडी हलकी होईल ना?" होईल, म्हटलं. पण किती ते आधी मोजू, मग पाकिटात हात घाल.

या वादात नेहमी घनता फेकली जाते. घनसेंटिमीटरला स्टील ७.८५ ग्रॅम, अॅल्युमिनियम २.७, कार्बन फायबरचं कंपोझिट (म्हणजे राळेत बसवलेले कार्बनचे धागे) साधारण १.६. म्हणजे कार्बन पाचपट हलका! हा आकडा खरा असला तरी बॉनेट काही ठोकळ्यातून कापत नाहीत. स्टीलचा पत्रा पाऊण मिलिमीटरहूनही पातळ लावता येतो, बाकीच्यांना जाडी द्यावी लागते. म्हणून एक चौरस मीटर पत्र्याचं वजन धरलं, तर चित्र असं दिसतं:

स्टील, ०.७ मिमी: साधारण ५.५ किलो
अॅल्युमिनियम, १ मिमी: २.७ किलो
हाताने थापलेलं फायबरग्लास (राळेत बसवलेले काचेचे धागे), अडीच ते तीन मिमी: ४ ते ४.८ किलो
उत्तम प्रतीचा कार्बन, १.२ मिमी: १.९ किलो

पाचपटीची तिप्पट झाली. शिवाय अॅल्युमिनियम कार्बनच्या किती जवळ आहे तेही बघा. आणि फायबरग्लास? स्टीलपेक्षा जेमतेम किलोभर कमी. हे पुढे कामाला येणार आहे.

आता भाच्याची गाडी. छोट्या हॅचबॅकचं बॉनेट सव्वा-दीड चौरस मीटरचं असतं. वरच्या पत्र्याखाली आतली चौकट असते, ती धरून दहा-बारा किलो. चांगल्या कार्बनने त्यातले पाच-सहा किलो वाचतील. फेंडर दोन मिळून तीनेक किलो. डिकीच्या दारात काच, वायपरची मोटर, लॉक हे सगळं तसंच राहणार, त्यामुळे तिथेही तीनच. एकूण बारा किलो. गाडी साधारण ८७० किलोची, म्हणजे दीड टक्क्यालाही थोडं कमी. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा ढोबळ हिशोब सांगतो की वजन १० टक्के घटलं की इंधनाची बचत ६ ते ८ टक्के होते. त्या मापाने एक टक्का. लिटरला २० देणारी गाडी २०.२ देईल. सिग्नलला पाय दाबण्याच्या सवयीपुढे हा फरक कुठल्या कुठे जातो.

बारा किलो म्हणजे किती? सोळा लिटर पेट्रोल. टाकी पूर्ण न भरता अर्धीच भरली की तेवढं वजन तसंही कमी होतं. आणि भाच्याच्या डिकीत लाकडी पेटीतला जो वूफर आहे, त्याबद्दल मी फोनवर काही बोललो नाही.

आता कंपन्या काय करतात ते बघू, कारण हा मोह त्यांनाही होतो, फक्त त्यांच्याकडे काटा असतो. बीएमडब्ल्यूने २००३ च्या एम-थ्री सीएसएलला, म्हणजे एम-थ्री या वेगवान गाडीच्या मुद्दाम हलक्या केलेल्या आवृत्तीला, कार्बनचं छत दिलं. गाडी साध्या एम-थ्रीपेक्षा ११० किलोच्या आसपास हलकी झाली, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते छत. छताचा वाटा सहा-सात किलो. बाकीचे किलो मागची पातळ काच, कमी केलेलं साउंड इन्सुलेशन, हलक्या सीट्स अशा न दिसणाऱ्या कपातीतून आले. एसी आणि रेडिओसुद्धा हवा असेल तरच मागून घ्यायचा! तरी छत निवडणं शहाणपणाचं होतं. सर्वात उंचावरचे सहा किलो गेले की वळणावर गाडी कमी कलते. पण छत वेल्डिंगचं असतं, सांगाड्याचा भाग असतं. ते गॅरेजमध्ये बदलायचं काम नव्हे.

याहून बोलकं उदाहरण २०१३ च्या आय-थ्री या विजेवरच्या गाडीचं. इथे बीएमडब्ल्यूने कार्बन फायबरसाठी वेगळे कारखाने उभारले, आणि ते कार्बन लावलं कुठे? माणसं बसतात त्या सांगाड्याला. बाहेरचे फेंडर, दारांची कातडी साध्या थर्मोप्लास्टिकची! ज्यांच्याकडे कार्बन ढिगाने होतं, त्यांनीही ते पॅनेलवर उधळलं नाही.

खुद्द स्विफ्टचंच बघा ना. २०१८ ची पिढी आधीच्या गाडीपेक्षा ८५ किलोपर्यंत हलकी निघाली. कार्बन शून्य. नवा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि जास्त ताकदीचं, म्हणून पातळ वापरता येणारं स्टील. ज्या गाडीतून कंपनीने ८५ किलो आधीच काढलेत, तिच्यातून भाचा आणखी बारा काढायला निघालाय. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

ट्रॅकवर मात्र माझं मत बदलतं. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर लॅपमागे सेकंदाचा दहावा भाग मोजणाऱ्याला नाकावरचे पाच-सहा किलो नक्की जाणवतील, कारण पुढच्या चाकांवर आधीच इंजिनाचं ओझं असतं. तरीही क्रम लावायचा तर आधी मागची सीट, स्टेपनी, जड चाकं, मग लिथियमची बॅटरी, आणि या सगळ्यानंतर बॉनेट.

घ्यायचंच असेल, तर बॉनेट उलटं करून बघा. वर काळी चमकदार वीण आणि खाली पांढरट, अस्ताव्यस्त धाग्यांचा खडबडीत थर दिसला, तर ते फायबरग्लासच आहे, वर कार्बनचा एक पापुद्रा. वजन मघाशी सांगितलेल्या तिसऱ्या ओळीतलं आणि किंमत चौथ्या ओळीतली. दुकानातच काट्यावर ठेवायला सांगा. दुकानदार कुरकुरला तर उत्तर मिळालंच. क्लिअर कोटला, म्हणजे वरच्या पारदर्शक लेपाला, यूव्ही संरक्षण आहे का तेही विचारा, नाहीतर आपल्या उन्हात ते पिवळं पडतं. मूळ कुलपावर भरवसा न ठेवता बॉनेट पिन लावून घ्या, महामार्गावर हलकं बॉनेट वाऱ्याने फडफडतं.

स्टीलच्या बॉनेटला पोचा आला तर कोपऱ्यावरचा डेंटिंगवाला संध्याकाळपर्यंत ठोकून देतो. कार्बनला तडा गेला की बहुधा नवीनच घ्यायचं. शिवाय कंपनीचं बॉनेट कुठे दुमडायचं ते ठरवून घडवलेलं असतं, पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर आत दबावं म्हणूनही. बाजारातल्या पॅनेलची अशी चाचणी कोण करतो? गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आरसीवर रिकाम्या गाडीचं वजनही लिहिलेलं असतं. रस्त्यात कोणी अडवो न अडवो, विमा कंपनीला आधी लेखी कळवलेलं बरं.

भाच्याने दोन दिवस विचार केला. शेवटी बॉनेटवर कार्बनच्या विणीचा व्हिनाइल रॅप चिकटवून घेतला. फोटो पाठवलाय, दिसतंय झकास. वजन पाव किलोने वाढलं.