गोल्फच्या ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) शाफ्ट म्हणजे दांडा एक इंच कापून घेतला, त्याचा रिव्ह्यू

घाईत असाल तर आधीच सांगतो, पैसे वसूल. पण नुसतं कापून भागत नाही, कापल्यावर क्लबच्या डोक्यात वजन परत घालून देणारा माणूस मिळाला तरच या भानगडीत पडा.

मी पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर खेळतो, दोन्ही बाजूला झाडं, त्यामुळे ड्रायव्हर वाकडा गेला की बॉल शोधत बसायचं आणि बॅग उचलणारा कॅडी तोंडाने काही बोलत नाही पण चेहऱ्यावर सगळं दिसतं. माझा ड्रायव्हर दुकानातून आला तेव्हा साडेपंचेचाळीस इंचाचा होता, हल्ली बहुतेक सगळे त्याच्या आसपासच असतात. लाकडी डोकं आणि स्टीलचा शाफ्ट होता त्या काळात 43 इंच म्हणजे नॉर्मल, मग ग्रॅफाइट आलं, शाफ्ट हलके झाले आणि लांबी वाढत गेली, कारण जाहिरातीत यार्ड विकले जातात, फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) कोण विकणार? गंमत म्हणजे पीजीए टूरवरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधले) बरेच जण दुकानातल्यापेक्षा आखूड ड्रायव्हर वापरतात. रिकी फाउलर तर 2017 च्या सुमारास साडेत्रेचाळीस इंचावर आला होता. ज्यांचा स्विंग मशीनसारखा आहे ते आखूड वापरणार आणि आपण रविवारचे खेळाडू लांब काठी फिरवणार, म्हणजे उलटाच न्याय.

हिशोब कागदावर सोपा आहे, काठी लांब तर डोक्याचा वेग जास्त, वेग जास्त तर बॉल लांब. पण एक इंच वाढवल्याने आपल्यासारख्याला मिळून मिळून ताशी मैल दीड मैल वेग मिळतो, आणि बॉल स्वीट स्पॉटवरून (फेसच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूच्या, मधल्या जागेवरून) अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे लागला की तो सगळा फायदा तिथेच उडतो. वर दिशा जाते ती वेगळीच. हीलवर (शाफ्टकडच्या टोकाला) लागला की स्लाइसचा म्हणजे उजवीकडे वळवणारा स्पिन, टोवर (बाहेरच्या टोकाला) लागला की हुकचा म्हणजे डावीकडे वळवणारा. हे कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, बॉलवर ठिपका काढा, तो ठिपका फेसकडे येईल असा बॉल टीवर ठेवा आणि मारा, शाई फेसवर उमटते. माझे ठिपके हीलपासून टोपर्यंत पसरलेले होते आणि त्यातले जास्त हीलकडे. हे बघूनच ठरवलं की नवीन ड्रायव्हरवर पन्नास-साठ हजार घालण्याआधी हाच कापून बघू.

आता सर्व्हिसबद्दल. घरातच छोटं वर्कशॉप चालवणारे एक काका आहेत, नाव देत नाही कारण त्यांना आधीच वेळ नसतो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "कापायचंय का बघायचंय?" मी म्हटलं म्हणजे काय, तर म्हणाले, "अहो, आधी ग्रिपवर एक इंच खाली धरून आठवडाभर मारा, आवडलं तरच करवत काढू." हे ऐकूनच अर्धे मार्क दिले. फुकटची टेस्ट आहे, कुणीही घरी करू शकतो, फक्त खाली धरल्यावर ग्रिप जरा बारीक लागते आणि वरचं टोक हाताच्या मागे राहतं म्हणून फील शंभर टक्के तोच येत नाही.

मग कापणं. जुनी ग्रिप आकड्याच्या सुरीने उभी फाडून काढली, शाफ्टवर कापायच्या जागी मास्किंग टेप गुंडाळला म्हणजे ग्रॅफाइटचे तंतू उसवत नाहीत, आणि बारीक दात्यांच्या करवतीने ग्रिपच्या बाजूने कापला. टिपच्या म्हणजे डोक्याच्या बाजूने कधीही कापू देऊ नका, तिकडून कापला की शाफ्ट एकदम कडक होतो. ग्रिपच्या बाजूनेही थोडा कडक होतोच, पण तो डोक्यात वजन वाढवल्यावर बराच भरून निघतो. अजून एक बारकावा मला माहीतच नव्हता, शाफ्ट वरून खाली निमुळता असतो त्यामुळे एक इंच गेला की नवीन ग्रिप पूर्वीपेक्षा जराशी बारीक बसते, म्हणून काकांनी खाली टेपचा एक वेढा जास्त दिला. मोजतानाही नुसता टेप लावला नाही, सोल (डोक्याचा तळ) 60 अंशाच्या कोनाला टेकवून तिथून ग्रिपच्या टोकापर्यंत मोजलं, नियमात लांबी अशीच मोजतात. घरच्या टेपने मोजलं तर उत्तर वेगळं येतं आणि मग लोक कंपनीला शिव्या देतात.

खरा विषय इथून पुढे. कापण्याआधी स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड लागतं त्याचा आकडा, सी9 नंतर डी0 येतं) होतं डी3, कापून ग्रिप बसवल्यावर आलं सी7. अर्ध्या इंचाला साधारण तीन पॉइंट जातात, त्यामुळे एवढं जाणारच होतं. अशा अवस्थेत मी दोन-चार स्विंग मारले, डोकं कुठे आहे तेच कळेना, नुसती छडी फिरवल्यासारखं. माझ्या एका मित्राने दुसरीकडे कुठेतरी कापून घेतला होता, त्यांनी कापून, ग्रिप लावून, पैसे घेऊन परत दिला, वजनाचा विषयच नाही, आणि तो आता सगळ्यांना सांगत सुटलाय की आखूड ड्रायव्हर बेकार. काकांनी सोलमधला स्क्रू बदलून आठ ग्रॅम जड घातला आणि वर दोन ग्रॅम लेड टेप (शिशाची पट्टी) मागच्या बाजूला चिकटवली, डी2 वर आणून थांबले. दोन ग्रॅमला साधारण एक पॉइंट असा हिशोब आहे.

रिझल्ट सांगतो. सिम्युलेटरवर वेग एक-दीड मैलाने कमी दिसला, बॉलचा वेग जवळपास तोच, कारण आता मार्करचे ठिपके एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत येतात (रोज नाही, चांगल्या दिवशी). सगळ्यात लांब गेलेला शॉट पूर्वीपेक्षा थोडा कमी झालाय, हे मान्य करायला हवं. पण सगळ्यात वाईट शॉट आता झाडाच्या पलीकडे न जाता झाडाखाली पडतो. उभं राहताना बॉल जरा जवळ येतो, स्विंग थोडा उभा होतो, त्याची सवय व्हायला वेळ लागला.

लांब काठीचे भक्त लगेच अमेरिकन खेळाडू फिल मिकलसनचं उदाहरण देतील, 2021 ची पीजीए चॅम्पियनशिप पन्नाशीत जिंकला तेव्हा ड्रायव्हर जवळजवळ 48 इंचाचा होता. बरोबर आहे, पण तो फिल आहे. आणि 2022 पासून मोठ्या टूरना पटर (बॉल होलकडे ढकलायचा क्लब) सोडून बाकी क्लबवर 46 इंचाची मर्यादा लावायची मुभा मिळाली, ती टूरवर लागूही झाली. आपल्या गोल्फ क्लबच्या मेडल स्पर्धेला 48 इंच चालतात, हौस असेल तर करा.

आयर्नना (लोखंडी डोक्याच्या आखूड क्लबना) मात्र याच उत्साहात हात लावू नका. तिथे अर्धा इंच कमी केला की शाफ्ट जास्त उभा येतो, टो खाली जाते, लाय (शाफ्ट आणि जमिनीतला कोन) सपाट झाल्यासारखा होतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडे निघतो, मग लाय वाकवून घ्यावा लागतो. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) असेल तर वाकतो, कास्टला (ओतीव क्लबला) काका हातच लावत नाहीत. शिवाय उंच आहे म्हणून लांब क्लब हेही अर्धवट आहे, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजतात, माझा सहा फुटी मेव्हणा लांब हातांमुळे स्टँडर्डवरच खेळतो.

आणि बाबांचे जुने क्लब कापून पोरांना देणारे जे आहेत त्यांनी कृपया थांबा. डोकं मोठ्यांचं, शाफ्ट कापून सळईसारखा कडक, पोरगं दोन महिन्यांत क्रिकेटला पळतं.

खर्च नवीन ग्रिप आणि स्क्रू धरून दोन हजारांच्या आत आला, दोन दिवस लागले कारण ग्रिपचं सॉल्व्हंट सुकायला रात्रभर ठेवतात. पाचातले साडेचार. अर्धा कापला कारण काका फोन उचलत नाहीत, मेसेज करा आणि वाट बघा.