एकच प्रसंग, दोन साक्षी: ‘माय रूममेट इज अ कॅट’

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी गेल्या जुलैमध्ये रोपलावणी उरकली आणि पावसाने आठवडाभर घराबाहेर पाऊल टाकू दिले नाही. त्या दिवसांत मी आईसोबत बसून ‘माय रूममेट इज अ कॅट’ ही जपानी अ‍ॅनिमे (हलत्या चित्रांची) मालिका पाहिली. माझ्याकडची आवृत्ती जपानी आवाजाची आणि इंग्रजी उपशीर्षकांची होती. आईला इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे प्रत्येक वाक्य मी तिला मराठीत सांगत होतो, आणि या सांगण्यामुळेच मालिकेची रचना किती विचारपूर्वक केली आहे हे माझ्या ध्यानात आले.

मिनात्सुकी यांची कथा आणि आस फुतात्सुया यांची चित्रे असलेल्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, झिरो-जी या स्टुडिओने ही मालिका तयार केली. काओरू सुझुकी यांचे दिग्दर्शन लाभलेले तिचे १२ भाग जानेवारी ते मार्च २०१९ या काळात जपानमध्ये प्रसारित झाले. मूळ जपानी नावाचा अर्थ ‘सोबत राहणारा मांडीवर, कधीकधी डोक्यावर’ असा होतो. डोक्यावर चढून बसणे म्हणजे काय, हे मांजर पाळलेल्या कोणत्याही मराठी घराला वेगळे सांगावे लागणार नाही.

सुबारू मिकाझुकी हा २३ वर्षांचा कादंबरीकार माणसांना टाळून पुस्तकांत राहणारा आहे. ज्या सहलीला त्याने यावे असे आईवडिलांना वाटत होते आणि जिला त्याने नकार दिला, त्याच सहलीत अपघात होऊन ते दोघे गेले. त्यांच्या समाधीपुढे त्याने ठेवलेल्या नैवेद्यावर एक भटकी मांजर झडप घालते, त्याला त्यातून नव्या कादंबरीची कल्पना सुचते आणि तो तिला घरी आणतो. हा प्रसंग पाहताना आई काही क्षण बोलली नाही. पिंड ठेवून कावळा शिवण्याची वाट पाहत उभे राहण्याचा अनुभव आमच्या घराने तीन वर्षांपूर्वी घेतला होता. जपानी समाधीचा आचार वेगळा आहे हे मला कळते, तरीही गेलेल्यांसाठी वाढलेल्या अन्नाला एका मुक्या जिवाने तोंड लावावे आणि तेथूनच मागे राहिलेल्याचे आयुष्य हलू लागावे, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या फार आत जाऊन पोहोचते.

मालिकेचे खरे बळ तिच्या सांगण्याच्या पद्धतीत आहे. भागाच्या पूर्वार्धात आपण घडणारे सगळे सुबारूच्या बाजूने पाहतो आणि उत्तरार्धात तेच सारे हारू या मांजरीच्या मनातून पुन्हा उलगडते. तो तिला लेखनाचा विषय म्हणून न्याहाळत असतो, तर ती त्याला स्वतःचे पोटही भरता न येणारे दुबळे पिलू समजते. हारूने रस्त्यावर थोरली बहीण म्हणून धाकट्या भावंडांना सांभाळलेले आहे, उपास काढले आहेत, त्यांची ताटातूट सोसली आहे. त्यामुळे लिहिण्याच्या तंद्रीत जेवण विसरून कोसळलेला सुबारू पाहिल्यावर, याला खाऊ घातले पाहिजे, एवढा एकच विचार तिच्या मनात येतो. पहिल्या भागाचा उत्तरार्ध संपला तेव्हा आई म्हणाली, “त्यो न्हवं, मांजरच त्येला सांभाळूलालंय.” त्यानंतरच्या भागांत हारूचे बोलणे मी सांगण्याआधीच तिला उमगू लागले होते.

दोघांनाही एकमेकांचे मन शेवटपर्यंत पूर्ण कळत नाही, आणि लेखकाने ते कळू दिले नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. मांजर माणसासारखी बोलू लागली असती तर गोष्ट सोपी आणि खोटी झाली असती. येथे हारूचे शब्द फक्त प्रेक्षकाला ऐकू येतात. आमच्या घरची मनी आमच्याकडे ‘मनी’ म्हटल्यावर येते आणि शेजारच्या कन्नड अज्जींकडे ‘बा, बा’ म्हटल्यावर जाते. तिच्या दृष्टीने ती कोणत्या घरची आहे, हे दोन्ही घरांना आजवर ठरवता आलेले नाही. दोन भाषा उंबरठ्यावर घेऊन जगणाऱ्या आपल्या भागातल्या वाचकांना, शब्द न जुळताही वाढत जाणारा हा जिव्हाळा ओळखीचा वाटेल असे मला मनापासून वाटते.

हारूला हारुका यामाझाकी यांनी आवाज दिला आहे. त्या आवाजात थोरल्या बहिणीचा दरारा आणि काळजी एकाच वेळी ऐकू येते. सुबारूसाठी केन्शो ओनो यांनी लावलेला तुटक, संकोची स्वर हळूहळू कसा मोकळा होत जातो, हे पहिला आणि बारावा भाग पाठोपाठ पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. लहानपणापासूनचा मित्र हिरोतो, संपादक कावासे आणि प्राण्यांच्या दुकानात काम करणारी ओकामी ही माणसे मांजरीच्या निमित्ताने सुबारूच्या बंद घरात येऊ लागतात. हिरोतो त्यांतला सर्वांत जिवंत आहे, मात्र कावासेचे मांजरवेड काही ठिकाणी ताणल्यासारखे वाटले.

उणिवाही आहेत. चित्रांकन साधे आहे. हारूच्या कानांच्या आणि शेपटीच्या हालचालींवर जेवढी मेहनत घेतली आहे, तेवढी माणसांच्या हालचालींवर घेतलेली दिसत नाही. मधल्या काही भागांत पूर्वार्धातील प्रसंग उत्तरार्धात जवळजवळ जसाच्या तसा येतो आणि नवे काही हाती लागत नाही, म्हणून सगळे भाग एका बैठकीत पाहू नयेत; रोज एक किंवा दोन पुरेत. साधारण दहा वर्षांपुढील मुलांना सोबत घेऊन पाहण्यास हरकत नाही, परंतु नुकतेच कोणी गमावलेल्या घरातील मोठ्यांनी पहिला भाग आधी एकट्याने पाहावा.

इंग्रजी उपशीर्षके सोपी आहेत, त्यामुळे घरातील कोणी वाचून सांगणार असेल तर वडीलधाऱ्यांनाही ही मालिका सहज दाखवता येईल. आमच्याकडे बारावा भाग संपल्यावर आईने पहिल्या भागातला समाधीचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, आणि या वेळी मी काही सांगावे अशी तिची अपेक्षा नव्हती.