सर की मॅडम? फंक्शनल ॲनालिसिसची बॅच निवडण्याआधी

एम.एस्सी. गणिताचं तिसरं सत्र सुरू झालं की कँटीनमध्ये ज्युनियर हमखास हाच प्रश्न घेऊन येतात. फंक्शनल ॲनालिसिस (फंक्शनांच्या अनंत मितींच्या अवकाशांचा अभ्यास) एक सर आणि एक मॅडम असे दोघं शिकवतात, सिलॅबस एकच, क्रेडिटही तेवढीच, पेपर मात्र ज्याचा त्याने काढलेला. मी पहिल्या सत्रात रिअल ॲनालिसिस सरांकडे केलं, दुसऱ्यात कॉम्प्लेक्स ॲनालिसिस मॅडमकडे, आणि दोन्ही डोंबिवलीहून ये-जा करत. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय. नावं लिहीत नाही, विभागातल्यांना कळतीलच.

सरांचा तास नऊला. हातात कागद नाही, खडूचे दोन तुकडे फक्त. युनिफॉर्म कन्व्हर्जन्सच्या दिवशी व्याख्या सांगितलीच नाही. फळ्यावर शून्य ते एक अशी रेघ मारली आणि विचारलं, "०.९९ ला स्वतःशीच शंभर वेळा गुणलं तर?" कुणीतरी मोबाइलवर काढलं, ०.३६६. "हजार वेळा?" दशांशचिन्हापुढे चार शून्यं, मग ४. "आणि एकला?" एकच. म्हणजे एक्सचा एनवा घात घेत गेलं की प्रत्येक फंक्शन सलग, पण शेवटी हातात येतं ते एकपाशी तुटलेलं. मग म्हणाले, "तुम्ही सगळे आज घरी पोचणार, हे पॉइंटवाइज. रात्री नऊच्या आत सगळे पोचलेले असणार, हे युनिफॉर्म. आपली लोकल खोपोली-कसाऱ्याला संपते हो. या वर्गात मात्र प्रत्येक स्टेशनाच्या पुढे आणखी एक स्टेशन आहे, आणि तिथलाही एक जण बसलाय." म्हणजे एकच वेळ सगळ्यांना पुरत नाही: आकडा एकच्या जितका जवळ, तितका त्याला शून्याकडे पोचायला उशीर. फ्रेंच गणिती कोशीने १८२१ साली सलग फंक्शनच्या कन्व्हर्जंट (ठरावीक बेरजेकडे जाणाऱ्या) मालिकेची बेरीज सलगच असते असं लिहिलं आणि १८२६ मध्ये ऐन विशीतल्या नॉर्वेच्या आबेलने त्याला अपवाद दाखवला, हेही त्याच तासात. "कोशी चुकतो, मग तुम्ही लाजता कशाला?" व्याख्या शेवटच्या पाच मिनिटांत आली, तीही आमच्याकडूनच वदवून घेतली. ती मी आजही झोपेतून उठून लिहीन.

आता दुसरी बाजू. हा तास मला मिळाला कारण त्या दिवशी गाडी वेळेवर होती. सरांचा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत पडतो आणि तो चुकला की पुढची पन्नास मिनिटं आपण दुसऱ्याच्या घरच्या भांडणात बसल्यासारखे. नोट्स नाहीत, वहीत जे उतरलं तेवढंच, आणि ते घरी नीट लिहून काढायला रोजचा तास-दीड तास जातो. "उघड आहे" हा शब्द उच्चारला की फळ्यापाशी बोलावतात. मी एकदा उच्चारला होता, पुन्हा नाही. सिलॅबस? आमचं शेवटचं युनिट झालंच नाही, ते झेरॉक्सवाल्याकडच्या जुन्या नोट्सवर काढलं.

मॅडमचा तास अकराचा. फळ्याचे तीन भाग: व्याख्या, प्रमेय, उदाहरण. सिलॅबस परीक्षेच्या दोन आठवडे आधी पूर्ण, आणि रात्रीपर्यंत हाताने लिहिलेल्या नोट्सची पीडीएफ ग्रुपवर. "मॅडम वाचून दाखवतात" हे जे पसरलंय ते खोटं आहे. एका सिद्धतेत चिन्ह चुकलं, त्या थांबल्या, "हे असं नाही, उद्या सांगते" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी नेमकं कुठे घसरलो ते दाखवून मगच पुढे गेल्या. खरी अडचण वेगळीच आहे: त्या नवलाच्या जागीही थांबत नाहीत. ल्यूव्हिलचं प्रमेय झालं (सगळीकडे ॲनॅलिटिक, म्हणजे कॉम्प्लेक्स डेरिव्हेटिव्ह असलेलं, आणि बाउंडेड, म्हणजे ठरावीक मर्यादेत राहणारं फंक्शन कॉन्स्टंटच असतं) आणि लगेच सात ओळींत 'कॉन्स्टंट नसलेल्या प्रत्येक बहुपदीला कॉम्प्लेक्स मूळ असतंच' हे सिद्ध झालं. मी निमूट उतरवून घेतलं. बहुपदीला मूळच नाही असं धरलं तर एक भागिले ती बहुपदी सगळीकडे ॲनॅलिटिक आणि बाउंडेड ठरते, म्हणून कॉन्स्टंट, आणि तिथेच ती फसते, ही गंमत मला संध्याकाळी मुंब्रा-दिव्याच्या मध्ये, एका हाताने दांडा धरून मोबाइलवर पीडीएफ वाचताना कळली. शेजारच्या काकांना सांगावंसं वाटलं होतं. मॅडमना केबिनमध्ये गाठलंत तर त्या हेच अर्धा तास रंगवून सांगतात, चित्रं काढून. गुरुवारी दुपारी त्या असतात आणि फार कुणी जात नाही.

सीनियरांची मतं ऐकताना एक विचारून घ्या: राहायला कुठे होतात? मी हे माझ्या बॅचमध्ये करून पाहिलंय. सरांवर जीव टाकणारे बहुतेक हॉस्टेलवरचे किंवा जवळच राहणारे. त्यांना शिव्या देणारे बदलापूर, विरार, पनवेलचे, नाहीतर संध्याकाळी क्लासमध्ये दहावीची गणितं शिकवून फी भरणारे. शिक्षक तेच होते, उरलेले तास वेगळे होते.

मार्कांचं थोडक्यात: मला सरांकडे ५२, मॅडमकडे ७१. मॅडमचा पेपर नोट्समधून येतो. सरांचा अर्धा पेपर 'खरे की खोटे, कारण द्या' असतो. मात्र नेट (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देणार असाल तर याकडे दुर्लक्ष करू नका. सीएसआयआर नेटच्या गणिताच्या पेपरात भाग क मध्ये एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर टिपले तरच गुण मिळतात. तिथे पाठ केलेली सिद्धता कामाला येत नाही, चटकन प्रतिउदाहरण सुचावं लागतं, आणि ती सवय सरांकडेच लागते. पीएचडीच्या मुलाखतीचंही तसंच.

या विषयापुरतं माझं मत मॅडमकडे झुकतं, माझेच मित्र यावर भांडतील. हान-बानाख, युनिफॉर्म बाउंडेडनेस, ओपन मॅपिंग, क्लोज्ड ग्राफ ही चारही मोठी प्रमेयं वेळेत आणि क्रमाने व्हावी लागतात, अर्धवट राहिली तर चौथ्या सत्रात जड जातं. रिअल ॲनालिसिस असतं तर बिनदिक्कत सर म्हटलं असतं. जवळ राहत असाल आणि संध्याकाळ मोकळी असेल, तर आताही सरच घ्या.

पहिल्या आठवड्यात दोन्ही तासांना बसता येतं, नऊ आणि अकरा, आड येत नाहीत. सरांना मागच्या बाकावर कोण बसलंय याचं सोयरसुतक नसतं, मॅडमना आधी विचारावं लागतं, त्या नाही म्हणत नाहीत. मॅडमची यादी मात्र लवकर भरते, तेव्हा ऑफिसच्या खिडकीवर नाव आधी तिथे घाला. सरांच्या यादीत शुक्रवारी संध्याकाळीही जागा असते.