मराठी शाळेसाठी एआय साधन बनवताय? मजकूर कुठून घ्यायचा ते आधी ठरवा

वाचनाचा सराव घेणारे किंवा धड्यावर प्रश्न काढून देणारे मराठी एआय साधन बनवायला घेतलेले शिक्षक आणि प्रोग्रामर हल्ली बरेच भेटतात. मॉडेल कोणते घ्यायचे यावर त्यांचा तासन् तास खल चालतो. मजकुराचे मात्र ‘नेटवर आहेच की’ असे धरून चाललेले असते. पण फुकट उतरवून घेता येणारा मजकूर आणि वापरायला मोकळा असलेला मजकूर यांत मोठे अंतर आहे.

सगळ्यांची पहिली धाव बालभारतीकडे असते, आणि ते साहजिकच आहे. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. भाषा तपासलेली, इयत्तेनुसार बेतलेली. पण हक्कांचे पान उघडून पाहा: सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येत नाही. शिकवताना मजकूर वापरायला कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये मुभा आहे, पण तेच धडे ॲपमध्ये भरून गावोगाव वाटणे हे वेगळे प्रकरण आहे. परवानगी हातात येईपर्यंत कोणत्या इयत्तेत काय येते, कोणत्या क्रमाने येते, एवढेच त्यातून समजून घ्यावे.

पीडीएफची आणखी एक डोकेदुखी. अनेक मराठी पीडीएफमधून ‘विद्यार्थी’ कॉपी करून चिकटवला की ‘वद्यिार्थी’ असे काहीतरी उमटते, कारण पहिली वेलांटी जागा सोडते. टेसरॅक्टसारखे मोफत ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर, मराठी वाचते, तरी रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे माणसाने डोळ्यांखालून घालावीच लागतात. चुकीचे शब्द साधनात गेले तर तेच मुलांपुढे येणार. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका.

वाचनसरावासाठी माझी निवड निःसंशय स्टोरीवीव्हर. मुलांची पुस्तके काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या या ऑनलाइन व्यासपीठावरच्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे मजकूर इतरांना वापरायला खुला करणाऱ्या परवान्यांपैकी, ‘बाय ४.०’ परवान्याखाली आहेत. श्रेय द्या, मग बदला, तुकडे करा, अगदी विकाही. शिवाय गोष्टींना चार वाचनस्तर आहेत: पहिल्यात २५० शब्दांच्या आत, दुसऱ्यात ६०० पर्यंत, तिसऱ्यात १५०० पर्यंत, चौथ्यात त्याहून मोठ्या. ही स्तरांची खूण हाती आयती मिळते. ती स्वतः लावायची तर महिने जातील. मात्र इथे कोणीही अनुवाद चढवू शकतो, त्यामुळे काही मराठी अवघडलेली वाटते. आधी प्रथम बुक्सने स्वतः प्रकाशित केलेल्या गोष्टी घ्या. गोष्टीचे तुकडे पाडाल तेव्हा प्रत्येक तुकड्याला लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावे जोडून ठेवा. नंतर ती जुळवत बसणे जिवावर येते.

दीक्षा हे सरकारी डिजिटल शिक्षण व्यासपीठ २०१७ पासून आहे आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे शिक्षकांच्या सवयीचे झाले आहे. तिथला परवाना सरसकट एक नाही, प्रत्येक घटकाखाली वेगळा पाहावा लागतो. ‘व्यावसायिक वापर नको’ अशी अट असलेले साहित्य शुल्क घेणाऱ्या ॲपमध्ये चालणार नाही.

परिसर अभ्यास, इतिहास, विज्ञान यांसाठी मराठी विकिपीडिया आहे. त्याचा परवाना ‘बाय-एसए’, म्हणजे त्यावरून बनवलेला मजकूर त्याच अटींवर सगळ्यांना खुला ठेवायचा. ते मान्य असेल तर बेलाशक घ्या. पण लेखांची भाषा मोठ्यांची, दर्जाही कमीजास्त. चौथीच्या मुलासमोर तो मजकूर जसाच्या तसा ठेवू नये. साधनाने माहिती तिथून घ्यावी, वाक्ये शिक्षकाने तपासलेली असावीत.

मोठ्याने वाचून घेणारे साधन हवे असेल तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या लोकांनी वाचून दिलेल्या आवाजांच्या संग्रहात मराठी आवाज आहेत, तेही सीसी-झिरोखाली, म्हणजे जवळपास बिनशर्त. पण ते बहुतेक मोठ्या माणसांचे. दुसरीतले मूल ‘प्रकाश’ वाचताना ‘प’वर थांबते, मग ‘परकाश’ म्हणते. हे ओळखायला मुलांचेच आवाज लागतील. ते नोंदवण्याआधी पालकांची संमती घ्या; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी तशी तरतूद आहे. संमतीपत्र साध्या मराठीत लिहा आणि पालकसभेत वाचून दाखवा.