सेकंड हॅन्ड ड्रायसूट ९ महिने वापरून झाल्यावर (आणि ५६ मीटरवरची पाणबुडी)

आधीच सांगतो, ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये, कारण या सूटचं जे जे बिघडलं त्यातलं निम्मं माझ्या हातानं बिघडलंय आणि उरलेलं आधीच्या मालकाच्या, कंपनीला उगाच बोल कशाला. ड्रायसूट म्हणजे आत पाणी शिरू न देणारा डायव्हिंगचा सूट. माझा ट्रायलॅमिनेटचा आहे, म्हणजे रेनकोटसारखं पातळ कापड, पाठीवर आडवी पितळी झिप, गळ्याला आणि मनगटांना लेटेक्सचे सील (पाणी अडवणारे घट्ट रबरी पट्टे), पायात सॉक्स जोडलेले आणि त्यावर वेगळे बूट. गेल्या ऑक्टोबरमध्ये इथे माल्टात ९०० युरोला घेतला. आत्तापर्यंत ६१ डाइव्ह झाल्या, त्यातल्या दोन एचएमएस स्टबर्नवर, आणि खरं सांगायचं तर हा सूट घेतलाच त्या पाणबुडीसाठी.

मी नोकरीसाठी इथे येऊन चार वर्षं झाली. डायव्हिंग शिकलो मालवणला, तारकर्लीच्या पाण्यात, तिथे स्वतःचा हात दिसला तरी आज व्हिजिबिलिटी चांगली आहे म्हणतात, त्यामुळे इथलं पाणी पहिल्यांदा बघितलं तेव्हा येडाच झालो होतो. ३० मीटर आरपार दिसतं राव. पण लोकांचा एक गैरसमज असतो की भूमध्य समुद्र म्हणजे कोमट. ऑगस्टमध्ये वरचं पाणी २६-२७ डिग्री असतं हे खरं, पण फेब्रुवारी-मार्चला १५-१६ असतं, आणि खोल गेलात की उन्हाळ्यातसुद्धा थंडच लागतं. माझ्याकडे ७ मिमीचा वेटसूट होता, म्हणजे निओप्रीन नावाच्या रबराचा, आत पाणी शिरू देणारा सूट. ४५ मिनिटांच्या साध्या डाइव्हला ठीक. पण निओप्रीनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि दाबाखाली ते चेपतात, ५६ मीटरवर दाब वरच्यापेक्षा ६.६ पट, म्हणजे जिथे उबेची जास्त गरज तिथेच सूट पातळ होऊन बसतो, वर तरंगवण्याची त्याची ताकद जाते ती वेगळीच.

आणि खरी थंडी खाली वाजतच नाही. खाली माणूस बघण्यात गुंग असतो. थंडी वाजते वर येताना, डेकोला (अंगात मुरलेला गॅस हळूहळू निघून जावा म्हणून वाटेत थांबावं लागतं ते) दोरीला लटकलेलं असताना, तेव्हा हलायचं नाही, काही करायचं नाही, फक्त घड्याळाकडे बघत बसायचं. एसटी स्टँडवर रात्री दीडची गाडी पकडायला बसतो ना तसं, फक्त पाण्यात. म्हणून हा रिव्ह्यू वाचताना एवढं लक्षात ठेवा की मी सूटला मार्क दिलेत ते त्या लटकण्याचे, पाणबुडी बघतानाचे नाहीत.

पहिला महिना नुसता वैताग. ड्रायसूटमध्ये हवा भरावी लागते, नाहीतर खाली जाताना कापड अंगाला असं चिमटतं की वर आल्यावर अंगभर छडी मारल्यासारखे वळ. आणि हवा भरली की ती सूटच्या आत फिरते, डोकं खाली झालं की सगळी पायात जाते आणि तुम्ही उलटे होऊन फुग्यासारखे वर निघता. चिरकेव्वाला पी२९ नावाची जुनी गस्ती बोट बुडवून ठेवलीये, बहुतेक सगळे तिथेच शिकतात, तिथे मी पहिल्या आठवड्यात दोनदा पाय वर करून लटकलो आणि माझा बडी (डाइव्हचा जोडीदार) मास्कमध्ये हसत होता. यावर उपाय सवय, दुसरा काही नाही. साधारण पंधराव्या डाइव्हनंतर हात आपोआप जातो, खाली जाताना छातीवरचं बटण थोडं थोडं दाबायचं, वर येताना डावा खांदा उंच करायचा म्हणजे तिथल्या व्हॉल्व्हमधून हवा निघून जाते.

मनगटाचे सील. माझं डावं मनगट नऊ महिने गळतंय. सीलमध्ये खोट नाही, माझं मनगट बारीक आणि शिरा वर आलेल्या, टॉर्चची मूठ घट्ट धरली की शिरांच्या मध्ये पन्हळ तयार होते आणि त्यातून पाणी कोपरापर्यंत. टॉर्चला हाताच्या पाठीवर बसणारा पट्टा लावला, मूठ सैल सोडली, ऐंशी टक्के गळती बंद. युट्युबवर कुणी हे सांगत नाही.

आता गळ्याच्या सीलची कहाणी. लेटेक्स डोक्यावरून ओढताना आतून टाल्कम पावडर लावावी लागते. इथल्या दुकानात बिनवासाची मिळते, पण माझ्याकडे आईने पाठवलेले पावडरचे तीन डबे पडून, म्हटलं वापरू तीच. त्यातलं सुगंधी तेल आणि माझं सनस्क्रीन, असं महिनोन्महिने त्या लेटेक्सवर बसत राहिलं आणि ते कधी चिकट झालं मला कळलंच नाही. एप्रिलमध्ये स्टबर्नची तारीख मिळाली. इथल्या खोल ऐतिहासिक रेकवर (बुडालेल्या जहाजांवर) मनाला आलं म्हणून उडी मारता येत नाही, हेरिटेज माल्टाच्या परवानगीने, नोंदणी असलेल्या डाइव्ह सेंटरबरोबरच जावं लागतं, त्यामुळे तारीख म्हणजे लग्नाचा मुहूर्त. सगळे बोटीवर, ट्विनसेट (पाठीवरची सिलिंडरची जोडी) बांधलेले, ट्रायमिक्स (श्वासासाठीचं हेलियम मिसळलेलं मिश्रण) तपासून झालेलं, मी गळा ओढला आणि नख लागून टर्रकन कानाखालपर्यंत फाटला.

बाकीचे चौघे गेले. मी बोटीवर बसलो. स्किपरने माझ्याकडे बघून काही न बोलता होब्झ बिझ-झेइत पुढे केलं, म्हणजे इथला टोमॅटो चोळलेला तेलकट पाव, आणि मी ७० मिनिटं तो पाव खात लोकांचे बुडबुडे बघितले. तुम्ही सूट घेणार असाल तर माझं एवढं एकच ऐका: सील चिकटवलेले घेऊ नका, रिंगवर बसणारे घ्या. फाटलं तर बोटीवर दहा मिनिटांत दुसरं बसतं. मी दुसऱ्याच दिवशी रिंग बसवायला टाकल्या, सोबत सिलिकॉनचे सील घेतले, त्यांना पावडर लागतच नाही. आईला अजून हे सांगितलेलं नाही.

मेमध्ये परत तारीख मिळाली आणि या वेळी गेलो.

स्टबर्न ही ब्रिटिश नौदलाची एस क्लासची पाणबुडी, लांबी ६६ मीटर, बर्कनहेडच्या कॅमल लेअर्ड गोदीत बांधलेली, १९४३ मध्ये सेवेत आली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने एक्स ७ नावाची बुटकी पाणबुडी दोराने ओढत नॉर्वेपर्यंत नेली, टर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला. वाटेत त्या दोराला एक सुटा सुरुंग अडकला आणि एक्स ७ चा कमांडर गॉडफ्रे प्लेस याने बाहेर येऊन तो चक्क पायाने ढकलून सोडवला. पुढे त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, सुरुंगासाठी नव्हे, टर्पिट्झसाठी. नंतर फेब्रुवारी १९४४ मध्ये नॉर्वेजवळच डेप्थ चार्जचा (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचा) मार खाऊन स्टबर्नची वाट लागली होती, तरी ती घरी पोचली. एवढं सगळं सोसून शेवट काय, तर ३० एप्रिल १९४६ ला माल्टाजवळ तिला मुद्दाम बुडवलं, ॲसडिकचं टार्गेट म्हणून. ॲसडिक म्हणजे सोनारचं जुनं नाव, आवाज सोडायचा आणि उलटा आलेला ऐकायचा. जिने आयुष्यभर लपायचं काम केलं तिला तळाशी ठेवून पोरांना सापडवायला शिकवलं.

याचा एक फायदा आहे. तिच्यात कोणी मेलेलं नाही. माल्टाभोवती पाणबुड्या आणखी आहेत, एचएमएस ऑलिम्पस ११५ मीटरवर, मे १९४२ मध्ये सुरुंगावर गेली, आत माणसं खच्चून भरलेली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पोहत किनाऱ्याला लागले. एचएमएस अर्ज १३० मीटरवर, ती तर २०१९ मध्ये सापडली. त्या स्मशानभूमी आहेत, आणि तेवढ्या खोलात जायची माझी लायकीही नाही. स्टबर्नवर मन मोकळं ठेवून बघता येतं.

सेंट पॉल्स बेच्या बाहेर बोटीने थोडं आत गेलो, शॉट लाइन (वजन बांधलेली दोरी) टाकली आणि उतरलो. ट्रायमिक्स १८/४५, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन आणि ४५ टक्के हेलियम. साध्या हवेवरही लोक जातात, ५६ मीटरवर ऑक्सिजनचा दाब जेमतेम मर्यादेत बसतो, पण डोकं दारू प्यायल्यासारखं होतं आणि हवा इतकी दाट होते की श्वास ओढायलाच मेहनत. हेलियम घातलं की नशा साधारण २६ मीटरवर हवेने होते तेवढीच राहते. इथे सूटबद्दल एक महत्त्वाचं, तो सूट या ट्रायमिक्सने भरायचा नाही. हेलियममधून उष्णता हवेच्या जवळपास सहापट वेगाने निघून जाते, म्हणजे अंगात बर्फ ओतल्यासारखं. मी कमरेला हवेची वेगळी छोटी बाटली लावतो, दीड लिटरची, फक्त सूटसाठी. आधी मला हा नखरा वाटायचा.

तीसेक मीटरवर खाली एक लांब काळपट रेघ दिसायला लागली, पांढऱ्या वाळूवर. मग ती हळूहळू जाड झाली आणि तिला कोनिंग टॉवर (पाठीवरचा बुरूज) फुटला. सरळ बसलीये, जराशी एका अंगावर कललेली, म्हातारं माणूस पारावर टेकून बसतं तशी. एवढी वर्षं मी पाणबुडी म्हणजे मोठ्ठं काहीतरी समजत होतो, पण अंगाने ती फार बारीक आहे, रुंदी ७ मीटरच्या आसपास, त्यात अठ्ठेचाळीस माणसं. आमच्या चाळीतला एक मजला. हॅच (आत उतरायची झाकणं) उघड्या आहेत, मी टॉर्च मारून डोकावलो, आत बारीक गाळ आणि पाइप, बस. आत जायचा विचारही करू नका, माणूस सिलिंडरसकट जेमतेम मावेल आणि एक फिन हलली की सगळं गढूळ. पुढच्या बाजूच्या हायड्रोप्लेनखाली (पाणबुडी खाली-वर वळवणाऱ्या पंखाखाली) हेकरूच्या जातीचा एक जाडजूड मासा बसला होता, त्याने माझ्याकडे भाडेकरूकडे बघतात तसं बघितलं.

आणि या पूर्ण वेळात मला सूटची आठवणसुद्धा आली नाही. एवढं लिहिलं तरी रिव्ह्यू झाला असता खरं तर. हात आपोआप बटणावर, मनगट कोरडं, डोकं मोकळं, २२ मिनिटं पूर्ण.

मग वर येणं. २१ मीटरवर पन्नास टक्के ऑक्सिजनच्या बाटलीवर बदललो, ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजनवर, पाण्यात शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत ६८ मिनिटं, त्यातली वर येण्यातच ४५ च्या आसपास. माझ्याबरोबर एक पोरगा वेटसूटमध्ये होता, चांगला जाडजूड, तरी ६ मीटरवर त्याचे हात इतके थरथरत होते की त्याला घड्याळाचं बटण दाबता येईना, माझ्या घड्याळावर बघून त्याने स्टॉप पूर्ण केले. मला फक्त पायाची बोटं गार लागत होती. जाड मोजे घातले की बूट जात नाहीत, पातळ घातले की गार, हे कोडं माझ्याकडून अजून सुटलेलं नाही.

त्या दोरीवर मला केफालोनियाचा किस्सा आठवत होता. ग्रीसमधल्या त्या बेटाजवळ एचएमएस पर्सियस ५२ मीटरवर पडलीये, ६ डिसेंबर १९४१ ला सुरुंगावर गेली. जॉन केप्स नावाचा एक माणूस मागच्या हॅचमधून डेव्हिसचं श्वास घ्यायचं उपकरण लावून बाहेर पडला आणि सरळ वर आला, बाकी कोणी वाचलं नाही. मग रात्रीच्या काळोखात, डिसेंबरच्या पाण्यात काही मैल पोहून बेटाला लागला, गावकऱ्यांनी त्याला दीडेक वर्ष लपवलं. घरी गेल्यावर अनेकांना ते खरंच वाटेना. १९८५ मध्ये तो गेला, आणि १९९७ मध्ये कोस्तास थोक्तारिदिस यांच्या टीमने ती पाणबुडी शोधली, तेव्हा ती हॅच उघडीच होती. त्याच खोलीवरून मी तीन प्रकारचे गॅस आणि गरम अंडरसूट घालून येतो आणि मनगट गळतं म्हणून रडगाणं लिहितो.

बाकी बारीकसारीक. झिपला दर तीन-चार डाइव्हला मेण चोळा, बाहेरच्या बाजूने, आणि सूट घडी करताना झिप कधीही मोडू नका, पितळी झिपचा एक दात गेला की अख्खी झिप नवीन, आणि तो खर्च ऐकून माझ्या मित्राने वेटसूट परत काढला. लघवीसाठीचा व्हॉल्व्ह सुरुवातीला बसवून घेतला नव्हता, चहा न पिता डाइव्हला जायचो, ते चूक आहे, शरीरातलं पाणी कमी झालं की वर येताना अंगात गॅसचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे लाज सोडा आणि व्हॉल्व्ह बसवून घ्या. अंडरसूटवर कंजूषी करू नका, सूट फक्त पाणी अडवतो, ऊब देतो तो आतला कपडा. आणि गोवा, मालवण, अंदमानसाठी यातलं काहीही घेऊ नका, तिथल्या पाण्यात उकडून मराल.

जूनमध्ये दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वरचं पाणी २३ झालं होतं आणि बोटीवर सूट चढवून दहा मिनिटं थांबावं लागलं, घामाने आतूनच ओला झालो. त्यामुळे कोरडा राहण्यासाठी घेतलेल्या सूटने दुसऱ्या डाइव्हला मला भिजवूनच पाण्यात पाठवलं. पायाच्या बोटांवर कुणाकडे उपाय असेल तर सांगा.